तार तुटल्याची खूण

तुमचं मूल वर्गात गप्प बसलेलं दिसलं, तर ते शिकतंय की दबलंय, हे तुम्हाला ओळखता येतं का? घाईने हो म्हणू नका. मी शिक्षिका आहे, आणि मला ते ओळखता येतं असं मी दोन वर्षं छातीठोकपणे सांगत होते. ज्यांना सांगत होते त्या माझ्या शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षिका इंदूबाई मागच्या पंधरवड्यात इकडे गुजरातेत, उधन्यात, आमच्या मराठी शाळेच्याच गल्लीत, टेम्पोखाली गेल्या. आमचं भांडण अर्धं राहिलं. ते मी इथे पुढे नेणार आहे. वाचणाऱ्यांनी शेवटपर्यंत थांबावं, कारण शेवटी माझं त्यांच्याकडे एक काम आहे. तोवर मी बाईंशी बोलते.

बाई, या अंकाच्या मंडळींनी तुमचा जन्म, गाव, नोकरीची वर्षं अशी माहिती मागितली होती. ती मी देणार नाही. वाणी सरांनी ती शाळेच्या दर्शनी फळ्यावर सुबक अक्षरात लिहिली होती. दोन दिवसांनी कुणीतरी फळा पुसला आणि तिथे 'वक्तशीरपणा हाच खरा दागिना' हा सुविचार आला. तुम्ही हसला असता. तुम्ही रोज उशिरा यायचात.

मला तुमचा आवाज आठवतो. मोठा, एका पट्टीतला, खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवणाऱ्या माणसांचा असतो तसा. वर्गात तुम्ही तो जवळजवळ वापरत नव्हता, म्हणून मधल्या सुट्टीत तो अंगावर यायचा. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी तुम्ही मला सगळ्या मास्तरांसमोर विचारलंत, "पलसाण्याला डाइंग मिलच्या गेटवर कागदं वाटायचा, त्या माणसाची पोर ना तू?"

"पत्रकं," मी म्हणाले.

"तेच ते. कागदं. मग ये पत्रकवाली, इथे समोर बस. तोंड दिसू दे. पाठ दाखवून कुणी माझ्याशी बोललेलं मला चालत नाही."

मला वाटलं, ज्येष्ठतेचा तोरा आहे. मी मुद्दाम समोर बसले आणि हनुवटी वर केली. तुम्ही डब्यातली कळण्याची भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवलीत.

त्या माणसाची पोर असण्याचा मला अभिमान होता, आजही आहे. आमच्या घरात गादीखाली पत्रकं असायची, कपाटावर पत्रकं असायची, पावसाळ्यात खिडकीच्या फटीत पत्रकं कोंबलेली असायची. मला 'कमळ' लिहिता येण्याआधी 'जुलूम' लिहिता येत होतं. बाबा म्हणायचे, गरिबाची जीभ आधी मोकळी करायची, पोट मग आपोआप बोलतं. तेच घेऊन मी वर्गात आले. मुलांना गोल बसवायचं, फळ्यावर त्यांच्या जगण्यातला एक शब्द लिहायचा, 'पाणी', 'खातं', 'पाळी', आणि विचारायचं: पाणी कोण भरतं? किती लांबून? का? बोलता बोलता अक्षर शिकायचं. ही माझी पद्धत. तिच्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार होते, आणि शाळेत भांडायला माणसं भरपूर होती.

वाणी सर मुख्याध्यापक. त्यांची पद्धत 'मागे म्हणा'. बे एके बे, साठ तोंडं, एक सूर. मी त्याला कवायत म्हणायचे. सर म्हणायचे, "कवायतीनेच फौज उभी राहते, मॅडम." मग प्रशिक्षणाची लाट आली. तिथून आम्ही रंगीत कार्डं, गाणी आणि टोप्या घेऊन परतलो. शिक्षण आनंददायी झालं पाहिजे, असं ठरलं. आठ दिवस वाणी सरांनी कागदाची टोपी घालून बेडकाचं गाणं म्हटलं. नवव्या दिवशी कार्डं कपाटात गेली, कारण साहेब येतील तेव्हा ती कोरी दिसली पाहिजेत.

तुम्हाला मात्र कुठली पद्धत आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तुम्हालाही नाही. तुमचा वर्ग म्हणजे शेवटची खोली. तिची मागची भिंत आणि शेजारच्या खात्याची भिंत एकच. पलीकडे सकाळपासून लूम चालू. त्या खोलीत खडू टेबलावर ठेवला तर तो आपला आपण सरकत कडेला जातो. वर्षानुवर्षं ती खोली कुणी घ्यायला तयार नव्हतं, म्हणून ती तुमच्याकडे आली आणि तुमचीच राहिली. पुढे वाणी सरांनी दोनदा खोली बदलून देऊ केली, तेव्हा तुम्हीच नको म्हणालात. मला वाटायचं, हा हुतात्मा होण्याचा सोस आहे.

पहिल्यांदा तुमच्या दारात उभी राहिले ते दृश्य सांगते. लूमचा तो आवाज, छातीत बसणारा. आणि आत पहिली-दुसरीची मुलं, एकही तोंड हलत नाही. तुम्ही फळ्यावर एक वजाबाकी मांडलीत. बोटांनी दाखवलंत: हे, यातून हे. पाट्यांवर पेन्सिली चालल्या. मग तिसऱ्या ओळीतल्या एका मुलीने दोन्ही मुठी एकमेकींना लावल्या आणि झटक्यात दूर केल्या. तुम्ही सरळ तिच्याकडे गेलात. तिच्या बाजूला, तिच्याच दिशेला तोंड करून बसलात. तिच्या पाटीवर काही लिहिलं नाहीत. आपल्या पाटीवर ती वजाबाकी हळूहळू केलीत, ती बघत राहिली. मग तिने केली. तुम्ही उठलात. तेवढ्यात खिडकीजवळ दुसऱ्या मुठी सुटल्या.

मी बाहेर आले आणि संतापले. ही शांतता मी पत्रकांमधून ओळखत होते. मालकासमोरची शांतता. 

"तुम्ही पोरांना मुकं करताय," मी सुट्टीत म्हणाले.

तुम्ही माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलंत. तुम्ही नेहमीच तसं बघायचात, आणि त्यामुळे मला आणखी जोर चढायचा. "आणि तू काय करतेस?"

"बोलतं करते."

"कोणाला?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना? तुझ्या वर्गात तो वाघांचा गणेश बोलतो, ती टपरीवाल्याची पोरगी बोलते, आणि तू बोलतेस. तिघं. बाकीची भजनाला बसल्यासारखी माना डोलवतात. मी खिडकीतून बघते ना."

मग तुम्ही मला खुणा समजावून दिल्यात. लूमच्या आवाजात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून खात्यातले कारीगर हातांनी बोलतात. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. ओठावर बोट फिरवलं की शेठ आला, शेठला मिशी असो नसो. दोन मुठी जोडून तोडल्या की सुताची तार तुटली, इकडे ये. तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचा बाप किंवा काका खात्यात होता. ही भाषा मुलं घरून घेऊन येत होती. तुम्ही तिला वर्गात जागा दिलीत, एवढंच. तुमच्या वर्गात 'तार तुटली' या खुणेचा अर्थ होता, 'बाई, मला समजलं नाही.'

"माझ्या नवऱ्याच्या हाताखाली नवा पोऱ्या येतो ना," तुम्ही म्हणालात, "त्याला हे काही सांगत बसत नाहीत. बाजूला उभा राहा, बघ. तार तुटली, मी जोडतो, बघ. आता तू जोड. नाही जमलं, पुन्हा बघ. त्यात लाज नसते. तार काय, सगळ्यांचीच तुटते. तुझ्या वर्गात ज्याला कळत नाही त्याला उभं राहून, सगळ्यांदेखत, तोंडाने सांगावं लागतं, 'बाई, मला समजलं नाही.' किती जण सांगतात?"

मी मोजलं नव्हतं. तुमच्या वर्गात मी एक तास बसले, तर मुठी सारख्या सुटत होत्या, कधी इथे, कधी तिथे, कधी सगळ्यात हुशार मुलाच्या. प्रश्न म्हणजे काय हे मी सगळ्यांना सांगत फिरत होते, आणि एवढे प्रश्न मी कुठल्याच वर्गात पाहिले नव्हते.

तरी मी हार मानली नाही, आणि बाई, आजही मानलेली नाही. एक तर तुम्ही स्वतः आवाजाच्या विरुद्ध नव्हता. बुधवारी त्या खात्याला वीजबंदी असते. बुधवारी भिंत गप्प व्हायची आणि तुमचा वर्ग गर्जायचा. प्रत्येक मुलाने मोठ्याने वाचायचं, कविता म्हणायची, गावाकडची गोष्ट सांगायची, अहिराणीत सांगितली तरी चालेल. तुम्ही प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन बसायचात, चेहऱ्यासमोर चेहरा. कुणी मान वळवून वाचलं की तुम्ही हनुवटीला धरून त्याला आपल्याकडे वळवायचात. "आठे देख," म्हणायचात. इकडे बघ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलेली मुलं महिना-महिना उशिरा परत यायची, सगळं विसरून. वाणी सर त्यांना मागच्या बाकावर टाकायचे. तुम्ही त्यांना बुधवारी सगळ्यांत आधी बोलायला लावायचात, गावची खबर सांगा म्हणून. आईच्या गुडघ्यापासून शेजारच्या बकरीपर्यंत सगळी खबर यायची. मग गुरुवारपासून पुन्हा लूम, पुन्हा हात.

म्हणजे मुलं कधी बोलणार आणि कधी गप्प बसणार हे शेठची वीज ठरवणार! मला ते सहन व्हायचं नाही. मी म्हणायचे, भिंत हलवायला सांगा, खात्याला नोटीस द्या, मोर्चा काढू. तुम्ही म्हणायचात, "काढ. तोवर वजाबाकी कोण शिकवेल?"

आणि माझा खरा मुद्दा वेगळा होता. तो मी तुम्हाला अगदी शेवटी सांगितला, तेही रागात. मी म्हणाले, "बाई, तुमच्याकडे 'समजलं नाही' म्हणायला खूण आहे. 'पटलं नाही' म्हणायला आहे? 'बाई, तुम्ही चुकलात' म्हणायला आहे?"

तुम्ही पहिल्यांदाच थांबलात. भाकरीचा घास हातात तसाच.

"खात्यात शेठला 'तू चुकलास' म्हणायची खूण कुठून असणार गं?" 

"हेच, हेच तर मी म्हणते! बाजूला उभं राहून माणूस काम शिकतो. बाजूला उभं राहून तो नाही म्हणायला शिकत नाही."

तुम्ही घास खाल्लात. पाणी प्यायलात. "मग तू कर एक खूण," तुम्ही म्हणालात. "बघ तुझ्या कागदात, सापडेल." आणि घंटा झाली.

हे आपलं अर्धं राहिलेलं भांडण.

तपासणीचे साहेब मंगळवारी आले. बुधवारी आले असते तर आज मी हे लिहीत नसते. लूम जोरात चालू होते. ते तुमच्या खोलीत शिरले आणि तुमच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी विचारलं, "बेन, कयो पाठ चाले छे?" कुठला धडा चाललाय, म्हणून. तुम्ही वळला नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, जोरात. मी व्हरांड्यात होते, मला ऐकू गेलं. तुम्ही फळ्यावर लिहीतच होता. शेवटी पुढच्या ओळीतली रेखा उठली, फळ्यापाशी तुमच्या पुढ्यात गेली आणि तिने बोट गोल फिरवलं, मागे वळा. तुम्ही वळलात तोवर साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी एका मुलाला नाव विचारलं. लूम चालू असताना तोंडाने बोलायचं नसतं, हे त्या मुलाला पक्कं माहीत. त्याने पाटीवर नाव लिहून पाटी उंच धरली. अक्षर झकास होतं. साहेबांनी ते वाचलंच नाही. ते बाहेर येऊन वाणी सरांना म्हणाले, "आ बहेरा-मूंगानो वर्ग छे? अमने कह्युं केम नथी?"

बहिऱ्या-मुक्यांचा वर्ग, आणि आम्हाला सांगितलं का नाही! सर आधी हसले. शेरा आला तेव्हा हसू गेलं. शेरा असा, की या वर्गातली मुलं प्रतिसाद देत नाहीत, शिक्षिका प्रश्नांना उत्तर देत नाहीत, जूनपासून वर्ग बंद करून मुलांना हायवेपलीकडच्या गुजराती शाळेत, कच्च्या मुलांच्या तुकडीत बसवावं. तुमच्या मुलांना बेरीज-वजाबाकी येत होती, धडे वाचता येत होते, आणि त्यांना कच्ची ठरवून एका परक्या भाषेच्या तळाशी टाकणार होते. त्यातली किती टिकतील, हे ही मुलं राहतात त्या गोडादऱ्यातल्या कुठल्याही आईला विचारा. मुलं टिकणार नाहीत, मुली तर पहिल्याच महिन्यात घरी बसतील. शाळा समिती त्यावर बैठक घेणार होती. तुम्ही एकदा तोंड उघडून सांगितलं असतं तर पुरे होतं.

"सांगा ना!" मी तुमच्यासमोर ओरडले. "बैठकीत उभं राहा आणि सांगा, ही माझी पद्धत आहे, ती अशी चालते!"

"पाट्या बघितल्या असत्या तर कळलं असतं त्यांना."

"पाट्या कोण बघतं? ते प्रश्न विचारतात, उत्तर मागतात! त्यांनी दोनदा हाक मारली, तुम्ही वळला का नाहीत?"

तुम्ही डबा उचलून वर्गाकडे निघालात. मग मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. मथळा दिला: 'मुलं मुकी नाहीत, भिंत बहिरी आहे'. तुम्हाला दाखवायला आणलं तेव्हा मी खूश होते. तुम्ही वाचलंत आणि तुमचा चेहरा असा मिटला की मी घाबरले.

"हा शब्द काढ," तुम्ही 'बहिरी'वर बोट ठेवून म्हणालात.

"का? साहेबांनी वापरला तर चालतो?"

"काढ म्हटलं ना."

"कारण सांगा, काढते."

तुम्ही कागदाची घडी घातलीत, पिशवीत टाकलीत. "तुला नाही कळायचं, पत्रकवाली." एवढंच. तुम्ही मला म्हणालेलं हे शेवटचं वाक्य. मी शब्द काढला नाही. तुम्ही कारण सांगितलं नाहीत. दोघीही आपापल्या जागी अडून राहिलो, आणि त्यानंतरच्या सोमवारी मधल्या सुट्टीत तुम्ही तांब्या घेऊन गल्लीतल्या नळावर गेलात.

खात्यातून कापडाचे तागे भरलेला टेम्पो मागे मागे येत होता. गल्ली अरुंद. ड्रायव्हरने हॉर्न दिला, सारखा दिला. तो मी स्टाफरूममध्ये ऐकला. पानवाल्याने ऐकला, नळावरच्या बायकांनी ऐकला, त्या ओरडल्याही. तुमची पाठ टेम्पोकडे होती. तो पोरगेला ड्रायव्हर नंतर शाळेच्या पायरीवर डोकं धरून बसला होता आणि येईल त्याला सांगत होता, "हॉर्न दिया था बहनजी, कसम से, हॉर्न दिया था." त्याने खरंच दिला होता.

तुम्हाला उचललं तेव्हा लूम चालू होते. नेलं तेव्हाही चालू होते. मुलं खोलीत भिंतीला टेकून बसली होती आणि भिंत त्यांच्या पाठीशी थरथरत होती. संध्याकाळपर्यंत गल्लीने निकाल दिला: हॉर्न वाजला होता, बाईच आपल्या नादात होती.

तो निकाल घेऊनच मी गोडादऱ्याला तुमच्या घरी गेले, दिवसकार्याच्या आदल्या दिवशी. तुमचे यजमान दगडूभाऊ ओट्यावर बसले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की लोक उगाच दोष देतात. त्यांनी मला समोर बसायची खूण केली. अगदी तुमच्यासारखी.

"लोके म्हंतस, नादमा व्हती," ते म्हणाले. "कसाना नाद, पोरी? तिले आयकूच ये नही."

मी विचारलं, ऐकू येत नव्हतं? त्यांनी माझ्या ओठांकडे पाहून मान हलवली. आधी डावा कान गेला, मग उजवा, आणि आता काही वर्षं पार काहीच नाही. त्यांचे स्वतःचेही कान निम्मे गेलेत, लूमवाल्याचे जातातच. "आम्ही दोन्ही घरमा हातवरीच बोलूत," ते म्हणाले. हातांनीच बोलायचो. शाळेत कळलं तर नोकरी जाईल, म्हणून कुणाला सांगायचं नाही असं तुम्ही ठरवलं होतं. "पोरंसले मालूम व्हतं," ते म्हणाले. मुलांना माहीत होतं. ती कधी तुम्हाला मागून हाक मारत नव्हती. वळसा घालून पुढ्यात यायची.

मुलांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. एकाही मुलाच्या तोंडून ते बाहेर पडलं नाही.

परतीच्या रिक्षात मला तुमचा राग आला, बाई. खोटं कशाला सांगू? दोन वर्षं मी तुमच्याशी पद्धतीवर भांडत होते आणि तुम्ही माझे ओठ वाचत होता. मग ती पद्धत होती की नाइलाज? खोली बदलायला तुम्ही नको म्हणालात, ते त्या खोलीत सगळेच बहिरे असतात म्हणून? मी एवढं तत्त्व लढवत होते आणि पलीकडे तत्त्व नव्हतंच, एक बाई आपली नोकरी वाचवत होती?

घरी येऊन मी बाबांची जुनी पत्रकं काढली. गेटवर वाटायची म्हणून ती छोटी, घडी करून मुठीत लपतील एवढी. लांब वाक्यं नाहीत, कारण पाळी सुटल्यावर माणूस चालता चालता वाचणार. बाबांची ती शैली मी वाङ्मय म्हणून मिरवते. तिचा जन्म पहारेकऱ्याच्या धाकातून झाला. वाणी सरांचं 'मागे म्हणा' कुठून आलं? साठ मुलं आणि दहा पुस्तकं, यातून. माझं गोल बसवणं? माझी खोली रस्त्याकडची, शांत, म्हणून मला ते परवडतं. आम्ही सगळे आपापल्या भिंतीला पाठ लावून शिकवत होतो आणि त्यालाच विचार म्हणत होतो. तुम्ही विचार म्हणाला नाहीत. तुम्ही त्या भिंतीतून मुलांना वाचायला शिकवलंत. तुमचे कान त्या भिंतीने खाल्ले, आणि जे उरलं त्यातून तुम्ही 'मला समजलं नाही' हे म्हणण्याची लाज साठ मुलांच्या मनातून काढून टाकलीत. मी आभार मानायला शिकलेली नाही, आमच्या पत्रकांत ते नसतं. हे आभार आहेत.

आणि तरीही, बाई: कारण सांगायला हवं होतं. मी 'बहिरी' शब्द त्याच क्षणी खोडला असता. आणि मग दुसरं पत्रक लिहिलं असतं, की चांगल्या शिक्षिकेला आपले गेलेले कान चोरासारखे लपवावे लागतात अशी ही नोकरी आहे. तुम्ही मला तेही लिहू दिलं नाहीत.

आता शेवटचं, जे तुम्हाला माहीत आहे आणि मला परवा कळलं.

तुमचा वर्ग सध्या माझ्याकडे आहे. वाणी सरांनी सांगितलं, मुलांच्या कानावर घाला, जूनपासून पलीकडे जायचंय, त्यांची मनं तयार करा. लूम चालू होते. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'जूनपासून हा वर्ग बंद. आपल्याला दुसऱ्या शाळेत जावं लागेल.' दुसरीच्या मुलांनी वाचलं, पहिलीच्यांना शेजाऱ्यांनी बोटाने ओळ दाखवली. मला वाटलं, आता मुठी सुटतील.

रेखा उठली. वळसा घालून माझ्या पुढ्यात आली. तिने एक मूठ हवेत धरली आणि उलटी फिरवली, जसं एखादं जड चाक मागे फिरवावं तशी. एकदा, दोनदा. मी ही खूण पाहिली नव्हती. मग खिडकीजवळ एक मूठ फिरली. मग तिच्यामागची. मग सगळ्या वर्गाच्या मुठी उलट्या फिरायला लागल्या, आणि सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी लहानपणापासून मोर्चे पाहिलेत. घोषणा नसलेला मोर्चा मी पहिल्यांदा पाहिला.

बुधवार येईपर्यंत मला धीर धरवला नाही. मी रेखाला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि विचारलं, हे काय? तिने सांगितलं: कापडात चूक गेली की कारीगर लूम थांबवतो आणि चाक हाताने उलटं फिरवतो. चूक निघेपर्यंत. मग पुढे.

"कुणी शिकवलं?"

"बाईसनी शिकाडं. शैलाबाई चुकनी ते करानी, आसं सांगेल व्हतं." शैलाबाई म्हणजे मी. मग मला कळलं नसेल असं वाटून तिने शाळेच्या मराठीत पुन्हा सांगितलं, "तुम्ही चुकलात तर करायची. आणि बाई म्हणाल्या, माझ्यावर सराव करा आधी."

मी चुकले होते, बाई. 'जावं लागेल' असं लिहिलं होतं. फळ्यावरचं ते मी पुसलं.

आता वाचणाऱ्यांशी बोलते. शाळा समितीची बैठक या महिन्याच्या शेवटी, शनिवारी सकाळी, शाळेतच आहे. त्याआधी एकदा उधन्याला या, आमच्या शेवटच्या खोलीत तासभर बसा. बुधवारी येऊ नका. लूम चालू असतील त्या दिवशी या. काही विचारू नका, पाट्या बघा आणि हात बघा. मग त्या शनिवारी बैठकीला या, आणि तुम्ही जे पाहिलंत ते उभं राहून सांगा. मोठ्याने सांगा. त्या टेबलावर कुणाला खुणा समजत नाहीत.